उणे चाळीसमध्ये सफरचंद आणि नाशपती: प्रेअरीतल्या अंगणासाठी रोप निवडण्यापासून पहिल्या हिवाळ्यापर्यंत

कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे एडमंटन, कॅल्गरी, सस्कटून, विनिपेग या पट्ट्यात, मे महिन्यात लावलेलं सफरचंदाचं झाड पुढच्या मे महिन्यात वाळलेली काठी होऊन उभं असतं, आणि दोष जानेवारीच्या थंडीवर जातो. बहुतेक वेळा तो दोष चुकीचा असतो. योग्य जातीचं, पूर्ण झोपलेलं (म्हणजे हिवाळ्यासाठी वाढ थांबवलेलं) झाड उणे ४० सोसतं. झाडं मरतात ती दोन वेळा. एकदा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, फूट अजून कोवळी असताना कडाका पडतो तेव्हा. आणि पुन्हा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, दुपारचं ऊन खोडाला अर्धवट जागं करतं आणि रात्र त्याला गोठवते तेव्हा. खालची सगळी कामं झाडाला वेळेवर झोपवण्यासाठी आणि वेळेआधी उठू न देण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलला की फळाआधी झाडच जातं.

टप्पा १: जात निवडणं

दुकानात लेबलवर दिसणारा झोनचा आकडा आधी नीट समजून घ्या. अमेरिकन कृषी खात्याचा झोन फक्त वर्षातल्या सर्वांत थंड तापमानाच्या सरासरीवर ठरतो: झोन ३ म्हणजे साधारण उणे ४० ते उणे ३४, झोन ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९. कॅनडाचा झोन काढताना बर्फाचं आवरण, वारा, पाऊस, दंवमुक्त दिवस असे इतर घटकही धरतात. त्यामुळे एकाच गावाचा आकडा दोन्ही नकाशांत वेगळा येऊ शकतो, आणि लेबलवर कुठला झोन आहे ते बरेचदा लिहिलेलंच नसतं. सोपा नियम: प्रेअरीत झोन ३ चंच झाड घ्या. झोन ४ चं झाड शहराच्या मध्यात, आडोशाला चालून जातं, पण ते पहिलं झाड नसावं.

दुसरी अट थंडीची नाही, उन्हाळ्याच्या लांबीची आहे. इथे दंवमुक्त दिवस जेमतेम चार महिने. हनीक्रिस्पचं लाकूड बऱ्याच थंडीत तगतं, पण फळ सप्टेंबरअखेरीच्या सुमारास तयार होतं. त्याआधीच झाडाला कडाक्याचा मार बसतो. गाला आणि फूजी यांचा विचारच नको, दुकानात कितीही गोड दिसले तरी.

खात्रीच्या जाती:

- गुडलँड: मॅनिटोबातल्या मॉर्डन संशोधन केंद्राची, १९५५ ची. मोठं, रसाळ फळ, सप्टेंबरमध्ये तयार.
- नॉरकेंट: चव किंचित नाशपतीकडे झुकणारी.
- नॉरलँड: ऑगस्टच्या मध्यातच येतं. झाडावर पिकू दिलं तर लवकरच पिठूळ होतं, म्हणून थोडं आधी काढा.
- प्रेअरी सेन्सेशन: सस्कॅचवान विद्यापीठाची जात.
- केर आणि डॉल्गो: छोटी क्रॅब सफरचंदं. केर साठवणीत चांगलं टिकतं. डॉल्गो आंबट, पण जेलीसाठी आणि परागीकरणासाठी उत्तम. आंबट कैरीची सवय असलेल्या घरात त्याचं लोणचंही खपतं.

नाशपतीत निवड कमी आहे. अर्ली गोल्ड, मॉर्डनची उरे आणि मिनेसोटाची गोल्डन स्पाइस या तीन नावांपाशी थांबलात तरी चालेल. फळ लहान, साधारण लिंबापासून छोट्या पेरूएवढं. दुकानातल्या बार्टलेट नाशपतीची अपेक्षा ठेवू नका. फळ धरायला नाशपती पाच ते आठ वर्षं घेते.

तपासा: परागीकरणाला एकाच वेळी फुलणारी दुसरी जात लागते. सफरचंदाला शेजारच्या अंगणातलं शोभेचं क्रॅब सफरचंदही चालतं, म्हणून आधी गल्लीत फेरी मारून बघा. नाशपतीला मात्र दुसरी नाशपतीच हवी. सफरचंदाचा पराग तिला उपयोगाचा नाही. 'नाशपतीला फुलं येतात पण फळ नाही' या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं. एकाच जातीची दोन झाडं लावली तर ती या हिशोबात एकच धरा.

टप्पा २: खुंट विचारणं

'खुंट कोणता?' हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. कलमी झाडाचा वरचा भाग झोन ३ चा असला तरी खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांचा भाग, वेगळाच असतो, आणि मुळांची थंडी सोसण्याची ताकद फांद्यांपेक्षा खूप कमी असते. फांद्या उणे ४० झेलतात ते हवेत. मुळं वाचतात ती माती आणि बर्फाच्या पांघरुणामुळे. बर्फ न पडता कडाका आला, तर बुटक्या, म्हणजे झाड लहान ठेवणाऱ्या, खुंटाची मुळं खालच्या खाली मरतात. वसंतात झाडाला पानं फुटतात, कधी फुलंही येतात, आणि जूनमध्ये ते अचानक कोमेजतं. तेव्हा लोक पाणी वाढवतात. उपयोग नसतो, कारण पाणी ओढायला खाली काही उरलेलं नसतं.

एम ९ आणि एम २६ हे जगभर चालणारे बुटके खुंट या पट्ट्यात टाळा. सफरचंदासाठी सायबेरियन क्रॅब, रानेट्का किंवा अंतोनोव्काच्या बियांपासून केलेला खुंट घ्या. झाड मोठं होतं, ५ ते ६ मीटर जागा घेतं, पण टिकतं. अंगण लहान असेल तर ओटावा ३ हा बुटका पण काटक खुंट बघा. त्याला ३ मीटर अंतर पुरतं, मात्र आधाराचा खांब कायमचा लागतो. नाशपतीला उसुरी नाशपतीचा खुंट हवा.

रोपवाटिकेत 'खुंट कोणता?' याचं उत्तर मिळालं नाही, तर झाड तिथेच ठेवून या.

टप्पा ३: जागा

ऊन रोज किमान ६ ते ८ तास आणि वाऱ्याला आडोसा. उताराच्या तळाशी लावू नका, थंड हवा पाण्यासारखी वाहत तिथेच साचते. पूर्ण उमललेल्या सफरचंदाच्या फुलांना उणे २ पासून इजा सुरू होते आणि उणे ४ च्या आसपास बहुतेक फुलं जातात. फुलोरा मेअखेरीस येतो आणि रात्री तेव्हाही बेभरवशाच्या असतात.

घराच्या दक्षिणेकडची भिंत सगळ्यांना मोहवते. उबदार जागा म्हणजे झाडाला बरं, असं वाटणं साहजिक आहे. पण ती भिंत मार्चमध्ये झाडाला उठवते आणि एप्रिल त्याला मारतो. कॅल्गरीत हे जास्तच, कारण तिथे शिनूक वारा भर जानेवारीत तापमान काही तासांत उणे २० वरून शून्याच्या वर नेतो. पूर्वेकडची, बर्फ साचून राहणारी जागा त्याहून बरी.

इशारा: खणण्याआधी जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्यांची जागा दाखवून देणारी मोफत सेवा प्रांतात असते. तिला आधी बोलवा आणि खुणा झाल्यावरच फावडं हातात घ्या.

टप्पा ४: लावणी

मुळं उघडी असलेलं रोप माती फावड्याला लागेल इतकी मोकळी झाली की, म्हणजे एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत लावा. कुंडीतलं रोप जूनच्या मध्यापर्यंत चालतं. सप्टेंबरच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारं झाड मूळ धरण्याआधीच गोठतं. ती स्वस्ताई महागात पडते.

१. उघड्या मुळांचं रोप २ ते ४ तास पाण्यात ठेवा. रात्रभर नको.

२. खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दोन ते तीन पट रुंद घ्या. खोली मात्र मुळांच्या उंचीइतकीच. आपल्याकडे आंब्यासाठी मीटरभर खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत भरायची पद्धत आहे. इथे तसं केलं तर भरलेली माती खचते, झाड खाली जातं आणि खोडाचा तळ ओल्या मातीत गाडला जातो.

३. खोड जिथे रुंद होऊन मुळांकडे पसरतं, तो भाग मातीच्या पातळीला यायला हवा. कुंडीतल्या रोपात तो वरच्या मातीखाली दडलेला असतो. बोटाने माती उकरून शोधा.

४. कलमाचा जोड मातीच्या ५ ते १० सेंटिमीटर वर राहील याची खात्री करा. जोड गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि बुटका खुंट घेण्याचा हेतूच फसतो.

५. कुंडीत गोल फिरलेली मुळं कापून किंवा सोडवून बाहेरच्या दिशेला पसरवा.

६. काढलेलीच माती परत भरा. खड्ड्यात खत नको, गांडूळखतही नको. कसदार माती फक्त खड्ड्यातच असली की मुळं तिथेच घुटमळतात.

७. काठाला आळं करून सावकाश २० लिटर पाणी द्या. माती बसली की पातळी पुन्हा बघा.

८. लाकडाच्या चिपांचं ८ ते १० सेंटिमीटर जाड आच्छादन टाका, खोडापासून ६० ते ९० सेंटिमीटरपर्यंत. खोडाभोवती १०-१५ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. आच्छादन खोडाला टेकवून डोंगर करणं म्हणजे उंदरांना भाड्याशिवाय घर देणं.

तपासा: पंधरा दिवसांनी कलमाचा जोड आणि खोडाचा रुंद होणारा तळ दोन्ही दिसतात का? नसतील तर झाड आत्ताच उचलून वर घ्या. पुढच्या वर्षी ते जमणार नाही.

टप्पा ५: पहिला उन्हाळा

जून-जुलैमध्ये आठवड्याला २० ते २५ लिटर, एक-दोन हप्त्यांत. रोज थोडंथोडं शिंपडू नका, मुळं वरच राहतात. आच्छादनाच्या वर्तुळात गवत वाढू देऊ नका. कोवळ्या झाडाचं पाणी आधी गवतच पितं.

पहिल्या वर्षी खत द्यायचंच नाही. पुढेही द्यायचं झालं तर जूनच्या मध्याआधी, आणि गरज असेल तरच. गरज ओळखायची खूण अशी: कोवळ्या झाडाची वर्षभराची फूट ३० ते ४५ सेंटिमीटर असली की पुरे. ६० च्या वर गेली तर नत्र जास्त झालं आहे. तशी लुसलुशीत फूट ऑगस्टमध्येही वाढतच राहते, काडी पक्व होत नाही आणि पहिल्याच कडाक्यात काळी पडते. खत कुणी दिलं, असं विचाराल तर उत्तर बहुधा लॉनमध्ये सापडतं. हिरवळीवर टाकलेलं नत्र झाडाच्या मुळांनाही पोचतं. तणनाशक मिसळलेलं लॉनखत तर झाडाच्या आसपासही टाकू नका.

पहिली दोन वर्षं आलेली फळं लहान असतानाच काढून टाका. जीवावर येतं, पण काढा. नंतर झाड फळाला लागलं की फुलोऱ्यानंतर चार ते सहा आठवड्यांत विरळणी करा: एका गुच्छात एक फळ, दोन फळांत साधारण १५ सेंटिमीटर. फळांनी लगडलेलं झाड हिवाळ्यासाठी साठा करू शकत नाही. भरघोस पिकानंतरच्या थंडीत झाडं जास्त मरतात ती यामुळे.

टप्पा ६: ऑगस्ट ते ऑक्टोबर, झाडाला झोपवणं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून तारखा लक्षात ठेवा.

ऑगस्टच्या मध्यापासून पाणी कमी करा. दिवस लहान होऊ लागला की झाड वाढ थांबवून शेंड्याला कळी बांधतं. तेव्हा भरपूर पाणी मिळालं तर त्याला थांबायचं कारण उरत नाही. पानं लोंबू लागली तरच द्या.

छाटणीची कात्री कपाटात ठेवा. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागा पाहिलेल्या माणसाला ऑक्टोबर म्हटलं की छाटणी आठवते. तिथे ती बरोबर आहे, इथे तीच घातक. छाटल्यावर डोळे चाळवतात, जखम भरत नाही, आणि महिन्याभरात उणे २० येतं. पानं गळाली, फांद्या दिसू लागल्या, हात शिवशिवतात, तरी नाही.

पानं गळाल्यावर, जमीन गोठण्याआधी, भरपूर पाणी द्या. कोवळ्या झाडाला ४० ते ६० लिटर, नळी बारीक सोडून तासाभरात. बहुतेक गावांत हे काम ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतं. आधी पाणी तोडायचं आणि नंतर भरपूर द्यायचं हे उलटसुलट वाटेल. पहिल्यात झाडाला वाढीपासून थांबवायचं असतं. दुसऱ्यात झाड झोपलेलं असतं आणि फक्त माती भिजवायची असते. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सावकाश थंड होते, आणि हिवाळी वाऱ्यात फांद्यांतून उडणारा ओलावा भरून द्यायला मुळांपाशी काहीतरी शिल्लक राहतं. डाळिंबाला ताण देऊन बहार धरणारे लोक नेमके इथे चुकतात: थांबवायचं तेव्हा थांबवतात, पण शेवटचं पाणी देत नाहीत.

खोड पांढरं करा. घराच्या आत वापरायचा पांढरा लॅटेक्स रंग आणि पाणी सम प्रमाणात. तेलरंग चालत नाही, सालीला इजा होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, कोरड्या आणि निदान १० अंशांच्या दिवशी, जमिनीपासून पहिल्या फांद्यांच्या बेचक्यापर्यंत लावा. फेब्रुवारीत सूर्य खाली असतो, बर्फावरून परत उसळतो, आणि खोडाची नैऋत्य बाजू दुपारी तापते. तिथल्या पेशी ढिल्या पडतात, संध्याकाळी तापमान कोसळतं आणि साल उभी फाटते. गावाकडच्या रस्त्यांवर झाडांना गेरू-चुना लावलेला आठवत असेल. इथल्या पांढऱ्याचं काम ऊन परतवणं आहे, त्यामुळे गेरूला जागा नाही.

जाळी बसवा. ६ मिलिमीटर छिद्राची जस्ताची जाळी, १५ ते २० सेंटिमीटर व्यासाची नळी करून खोडाभोवती. खाली ५ ते ८ सेंटिमीटर मातीत गेलीच पाहिजे. वोल नावाचे शेतउंदीर बर्फाखालून बोगदे करत येतात आणि खोडाची साल गोलाकार खातात. पूर्ण वर्तुळ झालं की झाड संपलं. ससा बर्फाच्या वरून येतो. म्हणून जाळीची उंची मोजताना जमीन धरू नका, साचणाऱ्या बर्फाची पातळी धरा आणि त्यावर ६० सेंटिमीटर जोडा. ५० सेंटिमीटर बर्फ साचत असेल तर जाळी ११० सेंटिमीटरची.

इशारा: प्लास्टिकची गुंडाळायची पट्टी वापरत असाल तर मेमध्ये काढा. उन्हाळाभर तशीच राहिली की आत ओल राहते, कीड धरते आणि खोडाला करकोचा पडतो.

टप्पा ७: हिवाळा

खोडाजवळचा बर्फ ३० सेंटिमीटरच्या गोलात पायाने दाबा, बोगदे मोडतात. त्यापलीकडचा बर्फ तसाच राहू द्या, ते मुळांचं पांघरूण आहे. वाटेवरचा स्वच्छ बर्फही तिथेच लोटा. मीठ टाकलेला बर्फ मात्र नाही. फांद्यांवर बर्फाचा थर गोठला तर झटकू नका, फांदी मोडते.

टप्पा ८: छाटणी आणि कलम

छाटणी मार्चअखेर ते एप्रिल, मोठी थंडी गेल्यावर आणि डोळे फुगण्याआधी. वर्षाला एक चतुर्थांशापेक्षा जास्त फांद्या काढू नका. जास्त कापलं की झाड जोमदार उभ्या फुटींनी उत्तर देतं आणि त्या फुटी शरदात पक्व होत नाहीत. मधली एक मुख्य काठी ठेवा. बाजूच्या फांद्या ४५ ते ६० अंशांत असाव्यात. नाशपतीच्या फांद्या सरळ वर धावतात; कोवळ्या असताना कपड्यांचे चिमटे लावून त्यांना बाजूला वळवा. अरुंद बेचकं शरदात सर्वांत शेवटी काटक होतं आणि आधी गोठतं, म्हणून कोन महत्त्वाचा.

काळी दिसणारी फांदी लगेच कापू नका. नखाने साल खरवडा: आत हिरवं असेल तर जिवंत. शंका असेल तर जूनच्या मध्यापर्यंत थांबा, उशिरा फुटणारी फांदी बरेचदा सापडते.

बेचकं आधी गोठतं, या कमजोरीवर एक चांगला उपाय आहे. डॉल्गो किंवा सायबेरियन क्रॅबचं झाड आधी वाढवायचं, मग त्याच्या फांद्यांवर, खोडापासून ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर, खायच्या जातीचं कलम करायचं. खोड आणि सगळी बेचकी काटक जातीची राहतात.

१. मार्चमध्ये, झाड झोपलेलं असताना, मागच्या वर्षीच्या फुटीच्या पेन्सिलीएवढ्या जाड, २० ते २५ सेंटिमीटरच्या काड्या कापा. ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत, फ्रिजमध्ये. त्या फ्रिजमध्ये सफरचंद ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून निघणारा इथिलीन वायू डोळे मारतो.

२. मेमध्ये खुंटाचे डोळे फुगले की दोन्हीकडे ३ ते ४ सेंटिमीटरचा तिरका काप द्या आणि एकमेकांवर बसवा. फांदी जाड असेल तर पाचर कलम करा, म्हणजे फांदी मधोमध चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवा.

३. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूने तंतोतंत जुळायला हवा. मध्यभागी बसवलेली बारीक काडी दोन्हीकडून चुकते. ती एका कडेला सरकवा.

४. ताणणाऱ्या पट्टीने घट्ट बांधा, वरचं टोक मेणाने बंद करा. दोन-तीन डोळे पुरेत.

इशारा: फायर ब्लाइट या जीवाणूजन्य रोगात शेंडा भाजल्यासारखा काळा होऊन छत्रीच्या मुठीसारखा वाकतो, आणि नाशपतीत तो झपाट्याने पसरतो. दिसणाऱ्या काळ्या भागाच्या ३० सेंटिमीटर खाली, कोरड्या दिवशी कापा. प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा. एक झाड झाल्यावर नाही, प्रत्येक कापानंतर. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका.

टप्पा ९: काढणी

सफरचंद हलकं वर उचलून पिळलं की सुटलं पाहिजे, आणि बिया तपकिरी झालेल्या असाव्यात. नाशपती झाडावर पिकू देऊ नका. ती आतून पिकते, बाहेरून कडक दिसत असतानाच गाभा कुजलेला असतो. फळ हातात धरून आडवं करा. देठ सहज तुटला की काढा, आणि मऊ व्हायला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा.